फ्लॉरेन्समध्ये वीस दिवस: म्युझियमं सोडून काय बघू? (कोल्हापूरकरांनो, सांगा)

मंगळवारची माई
नमस्कार मंडळी. धाकटी लेक इटलीत फ्लॉरेन्सला शिकायला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं वीस दिवस तिच्याकडं जायलोय. दोन वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर युरोप केला होता, अकरा दिवसांत सात देश. लक्षात काय राहिलं म्हणाल तर बसची खिडकी आणि टॉयलेटला लागणारे सुट्टे पैसे. या वेळी तसं नको. डेव्हिडचा पुतळा आणि उफिझी म्युझियमची तिकिटं लेकीनं काढून ठेवली आहेत, ते होईलच. मला तिथली माणसं रोज कशी जगतात ते बघायचंय. भाजी कुठनं आणतात, संध्याकाळी कुठं टेकतात, शेजारणीशी काय बोलतात. आमच्या ह्यांचा प्रश्न एकच आहे, तिथं फुटबॉल बघायला मिळणार का? कुणी राहून आलं असेल तर लिहा.

रंकाळ्याचा वारा
माई, यादीत पहिलं नाव छत्रीचं घाला. मायकेलअँजेलो दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालतोय.

मंगळवारची माई
जूनमध्ये पाऊस असतो का तिथं? लेक तर म्हणाली, नुसतं ऊन असतं.

रंकाळ्याचा वारा
अहो ती छत्री न्हवं! 😂 आपल्या राजाराम महाराजांची छत्री. समाधी.

टाऊनहॉलचा बाक
हसू नका, कोल्हापुरात निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडून इंग्लंडला जाणाऱ्या सुरुवातीच्या संस्थानिकांपैकी ते एक. राणी व्हिक्टोरियाला भेटले, परत येताना इटलीत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये गेले. वय अवघं वीस. त्या काळी तिथं कुणी प्रेत जाळत नसे, नगरपालिकेची खास परवानगी काढावी लागली. काशिने नावाचं मोठं वनासारखं उद्यान आहे, त्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला मुन्योने नदी आर्नोला मिळते. तिथं रात्री दहन झालं. परक्या मुलखात, थंडीत, बरोबरच्या लोकांनी संगम शोधून काढला, ही गोष्ट मला दरवेळी थांबवते. आपल्याला प्रयाग चिखलीचा संगम, त्यांना तो.

१८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मांटचा. आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्याने आखला तोच हा मांट. आत फुलर नावाच्या शिल्पकाराने केलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगीत, डोक्याला पागोट्यासकट. शेजारच्या पुलाचं नावच 'पोंते अल्लिंदियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल. रोज त्यावरून जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की तो हिंदी माणूस कोल्हापूरचा?

पाचगावचा पाहुणा
राजारामपुरी यांच्याच नावाची ना?

टाऊनहॉलचा बाक
नाही. राजारामपुरी नंतरच्या राजारामांची, शाहू महाराजांच्या मुलाची. हा घोळ दर वेळी होतो. फ्लॉरेन्सचे राजाराम शाहू महाराजांच्या आधीचे. त्यांची प्रवासातली रोजनिशी कॅप्टन वेस्टनी संपादून १८७२ साली लंडनला छापली.

उद्यमनगर ते आर्नो
माई, मी चामड्याच्या कामासाठी तिथं चार वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हणजे बार. दचकू नका, तिथं बार म्हणजे आपलं चहाचं हॉटेल. सकाळी साडेसातला अख्खं गाव काउंटरला कोपर टेकून उभं असतं. नुसतं 'काफ्फे' म्हटलं की बोटभर कपात काळी कडक कॉफी येते, दोन घोटांत संपते. उभ्यानं प्यायलात तर सव्वा-दीड युरो. खुर्ची ओढून बसलात की भाव वाढला, मोठ्या चौकात तर दुप्पट-तिप्पट. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवायची. दुधाची कापुच्चिनो सकाळचीच. दुपारच्या जेवणावर मागितलीत तर देतील, पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर कुणी बोर्नव्हिटा मागितला तर आपण त्याच्याकडं जसं बघू, तसं बघतील.

आता महत्त्वाचं. रोज नवा बार शोधत फिरू नका. घराजवळचा एक धरा आणि वीसही दिवस तिथंच, त्याच वेळेला जा. इंटरनेटवर 'पर्यटकांना माहीत नसलेली दहा ठिकाणं' असल्या याद्या असतात, त्या वाचून तिथं फक्त पर्यटकच आलेले असतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर बघा की. एकदा आलेला माणूस फेसाळ दुधाच्या ग्लासाचा फोटो काढतो आणि जातो. रोजच्या गिऱ्हाइकाला आज म्हैस का बिथरली तेसुद्धा कळतं. जागा तीच.

दुसरं, सकाळचा बाजार. सान लोरेंझोचा मोठा बाजार बघा, पण खरेदी सांत अंब्रोजोला करा. १८७३ मधलं लोखंडी मंडईचं छप्पर, आत मटण-चीज, बाहेर भाजी. दुपारी दोनपर्यंत सगळं आवरतं, रविवारी बंद. दुकानात पाय टाकताना 'बुऑनजोर्नो' म्हणायचं. न म्हणता सरळ भाव विचारला तर बाईचा चेहरा पडतो. आणि फळाला, भाजीला हात लावायचा नाही.

मंगळवारची माई
म्हणजे? वांगं दाबून न बघता घ्यायचं?

उद्यमनगर ते आर्नो
होय. निवडायचं काम तिचं. ती विचारणार, 'आजला का उद्याला?' आज रात्री सॅलडला टोमॅटो पाहिजे म्हटलं तर पिकलेले देईल, परवाला म्हटलं तर कडक देईल, सॉसला म्हटलं तर तिसराच ढीग. मला पहिला महिनाभर अपमान वाटायचा. नंतर लक्षात आलं, माझ्यापेक्षा तिला जास्त कळतंय. मग लेकाचं काय चाललंय, आईची तब्येत कशी आहे, हे सगळं त्या टोमॅटोवरनंच सुरू व्हायचं.

तिसरं, दुपारी एक ते साडेतीन-चार गल्लीतली छोटी दुकानं बंद. कुरकुर करू नका, आपल्याकडंबी दुपारी शटर अर्धं खाली असतंय. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी कुठं मिळत नाही. संध्याकाळी म्हातारी माणसं नदीपलीकडं सांतो स्पिरितोच्या चौकात देवळाच्या पायऱ्यांवर, कट्ट्यावर बसतात. रंकाळ्यावर बसल्यासारखं. भेळ नसते एवढंच.

कसबा बावडेकर
भाषेचं कसं? लेकीला येत असेल म्हणा.

उद्यमनगर ते आर्नो
भाषेची गंमत सांगतो. आज पुस्तकात शिकवतात ती प्रमाण इटालियन मुळात याच लोकांच्या बोलीवरनं बेतलेली. दांतेचं गाव हे. आणि हेच लोक बोलताना दोन स्वरांमधला 'क' खातात, त्याचा 'ह' करतात. कासा म्हणजे घर, ते म्हणतात 'ला हासा'. बाकीचं इटली त्यांची नक्कल करतं, कोका-कोला प्रकरणात तर फारच. म्हणजे प्रमाण भाषा यांची आणि हसू पण यांच्यावरच. आमच्या आत्या 'मी आलो, मी गेलो' म्हणतात म्हणून पुण्यात त्यांना हसले होते, त्याची आठवण झाली.

शाहूपुरीची सून
माई शाकाहारी आहेत का? माझा नवरा तिथं जाऊन आला, त्याला कुणीतरी 'इथलं खास' म्हणून लांप्रेदोत्तोचा पाव खायला घातला. नंतर कळलं, गाईचं चौथं जठर. गाडीवर मोठ्या पातेल्यात उकळत असतं, वरून हिरवी चटणी. आमच्याकडं रक्ती-मुंडी चालते पण गाय म्हटल्यावर दोन दिवस घरात अबोला होता. विचारूनच खा.

मंगळवारची माई
मी शाकाहारी, हे सगळं खातात, पण गाय नाही. बरं झालं सांगितलंत.

उद्यमनगर ते आर्नो
शाकाहारी माणसाचं तिथं छान भागतं. गरिबाच्या स्वैपाकावरच ते गाव वाढलंय. पावात मीठच नसतं तिथल्या, पहिला घास फिक्का लागतो. पण तो शिळा झाला की खरी मजा. हिवाळ्यात काळपट कोबी, घेवड्याच्या बिया आणि शिळा पाव उकळून रिबोल्लिता, टोमॅटोत शिजवला की पाप्पा अल पोमोदोरो. उन्हाळ्यात पांझानेल्ला. फक्त रिबोल्लितात कुणी हाडाचं पाणी घातलंय का ते विचारा.

स्पष्ट बोललो
सगळं ऐकलं. आता कडू बोलतो. फ्लॉरेन्सचा जुना भाग आता राहण्याची जागा उरलेली नाही, तिथं भाड्याची घरं आणि चाकवाल्या बॅगांचा आवाज आहे. १९८२ पासून जागतिक वारसा. २०२३ मध्ये तिथल्या पालिकेला जुन्या भागात पर्यटकांना घरं भाड्यानं द्यायच्या नव्या परवानग्या थांबवाव्या लागल्या. त्याआधी २०१८ मध्ये व्हिया दे नेरी आणि आसपासच्या रस्त्यांवर जेवणाच्या वेळी फुटपाथवर बसून सँडविच खाणाऱ्यांना पाचशे युरोपर्यंत दंड लावला होता. सांतो स्पिरितोच्या पायऱ्यांवरची म्हातारी माणसं पण आता पर्यटकांनीच वेढलेली. अस्सल बघायचं तर रिफ्रेदी, नोव्होली, इझोलोत्तो अशा उपनगरांत जा. चार मजली साध्या इमारती, सुपरमार्केट, ट्रामची वाट बघणारी माणसं. फोटोला काही नाही.

रंकाळ्याचा वारा
मर्दा, मग आपल्याकडं पण तसंच म्हण की. शनिवार-रविवारी महाद्वार रोडला आपण तरी जातोय व्हय? अंबाबाई, मिसळ, चप्पल, पन्हाळा, झाला कोल्हापूर. खरं कोल्हापूर उचगावच्या रिंगरोडला आहे असं पाहुण्यांना सांगशील?

स्पष्ट बोललो
सांगीन. पाहुणे येत नाहीत ही गोष्ट वेगळी.

उद्यमनगर ते आर्नो
दोघांचं बरोबर आहे. जुन्या भागात अजून राहणारे आहेत, नदीपलीकडच्या सान फ्रेदियानोत बरेच. तिथं फ्रेम करणारे, पुस्तकं बांधणारे, चामडी शिवणारे कारागीर दार उघडं ठेवून काम करत बसतात. माई, तुम्हाला तो वास ओळखीचा वाटेल. तिकडं पिसाकडच्या कारखान्यांत चामडं अजूनही झाडांच्या लाकूड-सालीच्या अर्कात कमावतात, चेस्टनट, मिमोसा. आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. क्रोम रसायनात कमावलेल्या चामड्याला तो वास येत नाही. मी पहिल्या दिवशी वर्कशॉपात शिरलो आणि आपल्या चपलांच्या सुभाषनगरात आल्यासारखं वाटलं. सांता क्रोचे चर्चच्या मागं चामड्याची शाळा आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ पोरांना हाताला काम म्हणून पाद्र्यांनी सुरू केलेली. आत जाऊन बघता येते.

अजून एक. भिंतींकडं बघत चाला. ठिकठिकाणी माणसाच्या डोक्याच्याही वर दगडी पाट्या दिसतील, '४ नोव्हेंबर १९६६, आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं होतं.'

व्हीनस कॉर्नर
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या जिन्यात २०१९ च्या पुराची रेघ आहे, तिच्यावर २०२१ ची. पाऊस लागला की आम्ही टीव्हीवर सिनेमा बघत नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका. फ्लॉरेन्सवाला माणूस भेटला तर आम्हा दोघांना भाषेची गरज लागायची नाही.

पेठेतला गोलकीपर
एवढं सगळं झालं, काकांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. काका, तुमची लॉटरी लागलीय. २४ जून, सेंट जॉनचा दिवस, म्हणजे त्या गावचा ग्रामदैवताचा उत्सव. त्या दिवशी काल्चो स्टोरिकोची, म्हणजे त्यांच्या जुन्या काळच्या फुटबॉलची फायनल. सांता क्रोचेच्या चौकात वाळू टाकतात, गावच्या चार भागांचे चार संघ: निळे सांता क्रोचे, लाल सांता मारिया नोव्हेल्ला, पांढरे सांतो स्पिरितो, हिरवे सान जोव्हान्नी. एका बाजूला २७ गडी, पन्नास मिनिटं, बदली खेळाडू नाही. बॉल हातानं पण, पायानं पण. आणि बॉल कुठं आहे याच्याशी संबंध नसलेले दहा-पंधरा जण नुसत्या गुद्द्यांवर. कुस्ती, बॉक्सिंग, फुटबॉल एका मैदानात. पूर्वी जिंकणाऱ्याला पांढरं वासरू द्यायचे.

१५३० मध्ये गावाला सम्राटाच्या फौजेचा वेढा पडला होता, पोटाला अन्न नव्हतं, तरी १७ फेब्रुवारीला हे लोक चौकात खेळले. वेढा घालणाऱ्यांना खिजवायला! नाद खुळा. २००६ मध्ये मैदानावर एवढी हाणामारी झाली की स्पर्धाच थांबवली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारची मॅच बघितलेल्या माणसाला यात नवीन काय नाही.

मंगळवारची माई
हे त्यांना वाचून दाखवलं आणि आता पस्तावले. तीस वर्षांपूर्वीची गुडघ्याची पट्टी कपाटातनं बाहेर आलीय.

*

मंगळवारची माई (सहाव्या दिवशी, फ्लॉरेन्सहून)
पोचलो. घर सान फ्रेदियानोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्याच दिवशी बसमध्ये ह्यांनी तिकीट मशिनला लावलं नाही, तपासनीस चढला, दंड झाला. तिकीट होतं, पण लावलेलं नव्हतं. तपासनिसाला खिशातलं कोरं तिकीट दाखवत मराठीत समजावत होते.

भाजी मी सुपरमार्केटमध्येच जास्त बघितली, 'स्पष्ट बोललो' यांचं ऐकून. तिथं मात्र फळ आपणच घ्यायचं, पण प्लास्टिकचा हातमोजा घालून. मग काट्यावर ठेवायचं, फळाचा नंबर दाबायचा, चिठ्ठी चिकटवायची. मी मोजा न घालता पेर उचलला, तर शेजारची बाई काही बोलली नाही, फक्त मोज्यांच्या गठ्ठ्याकडं बघितलं. एवढं पुरलं.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. लेकीशी त्यांचं जमतं. काल त्यांनी मला स्वैपाकघरात उभं केलं आणि पांझानेल्ला करून दाखवलं. तीन दिवसांचा पाव पाण्यात बुडवला, मग दोन्ही मुठींत धरून असा पिळला की साडीच पिळल्यागत, आणि बोटांनी मोकळा केला. तो कोरडा भुगा होऊन पडला, शिळी भाकरी कुस्करल्यासारखा. त्यात लाल कांदा, टोमॅटो, काकडी, तुळशीसारखी पानं हातानं तोडून (सुरी लावू दिली नाही), व्हिनेगर, वरून भरपूर तेल. मी थोडा दाण्याचा कूट आणि फोडणी मनातल्या मनात घातली, बोलले नाही. बदल्यात कांदा-लसूण चटणीची पुडी दिली. त्यांनी बोटानं चाखली, ठसका लागला, डोळे पुसले, आणि पुडी बंद करून वरच्या फडताळात औषधांच्या शेजारी ठेवली.

बार ठरवलाय. कोपऱ्यावरचा. अजून तरी तिथला मुलगा आमच्याकडं बघून काही ओळख दाखवत नाही.

शाहूपुरीची सून
औषधांच्या शेजारी 😂 बरोबर जागा आहे.

टाऊनहॉलचा बाक
छत्री?

मंगळवारची माई (सतराव्या दिवशी)
मंगळवारी गेलो. त्या दिवशी काशिनेत सकाळी मोठा बाजार भरतो, कपडे, चपला, भांडी, भाजलेली कोंबडी. आपल्या आठवड्याच्या बाजारासारखाच कलकलाट. तिथनं सूर्यफुलं घेतली आणि झाडांच्या सावलीनं पश्चिमेकडं चालत राहिलो. पाऊण तास तरी लागला. वाटेत पळणारी, सायकलवाली माणसं. मग झाडं संपली आणि एकदम ती छत्री समोर. आपल्या पंचगंगेच्या घाटावरून उचलून आणून ठेवल्यासारखी. पुतळा लहान वाटला. चेहरा पोराचा आहे हो. आमचा भाचा वीस वर्षांचा आहे, तसाच, गालावर अजून कोवळेपणा. भोवती कठडा आहे, फुलं आत ठेवता येईनात, म्हणून कठड्याच्या पायाशी ठेवली. पलीकडं पुलावरनं गाड्यांचा सारखा आवाज. मागं जाऊन संगम बघितला. मुन्योनेला पाणी बेताचंच होतं. हे टोपी काढून उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'इतक्या लांब.'

एक जोडपं कुत्रं घेऊन आलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही भारतातून? लेक म्हणाली, याच्या गावचे. त्यांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी कुत्र्याला बाजूला घेतलं.

काल्चोच्या फायनलची तिकिटं केव्हाच संपली होती. पण आधीच्या रविवारी सेमीफायनल होती, पांढऱ्यांची. आम्ही कोपऱ्यावरच्या बारमध्ये टीव्हीवर बघितली. आत पाय ठेवायला जागा नाही, निम्म्या लोकांच्या गळ्यात पांढरे रुमाल. काउंटरवरच्या मुलानं न विचारता ह्यांच्यापुढं काफ्फे सरकवला, पण तो गडबडीत असेल. शेजारी एक आजोबा, तुटका कान. लेकीनं सांगितलं, जुने खेळाडू आहेत. त्यांनी ह्यांना विचारलं, कुठल्या रंगाचे तुम्ही? हे म्हणाले, आम्ही परके, आम्हाला कसला रंग. आजोबांना ते पटलंच नाही. राहायला कुठं? नदीच्या या बाजूला? मग पांढरे. विषय संपला. यांनी कागदाच्या रुमालावर पेनानं आपल्या पेठा काढून दाखवल्या, शिवाजी, मंगळवार, मध्ये मैदान, कोण कुणाशी बोलत नाही त्याच्या रेघा. आजोबांनी तो रुमाल घडी करून खिशात ठेवला. पुढं पन्नास मिनिटं दोघं आपापल्या भाषेत पंचाला शिव्या घालत होते.

पेठेतला गोलकीपर
काकांना दंडवत. पण पांढरे जिंकले का हरले?

मंगळवारची माई
ते विचारू नका. घरात तो विषय बंद आहे.